पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न

श्रावण लागला की या सदराकडे एकाच विषयाची रीघ लागते. मंगळागौर, हरतालिका, गौरी, मग नवरात्र आणि दिवाळी संपली की लग्नसराई. प्रश्न विचारणाऱ्या बदलतात, गोंधळ तोच राहतो. "पाळी पुढे ढकलायची गोळी" हे एकच नाव आपल्याकडे दोन वेगळ्या औषधांना लावलं जातं, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते. पहिलं औषध नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची गोळी. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं आणि पाळीच्या तारखेआधी सुरू करून ठरावीक दिवस घ्यायचं असतं. दुसऱ्या म्हणजे रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या, माला-एन, माला-डी किंवा खासगी कंपन्यांच्या तत्सम. त्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन हार्मोन्स असतात. पहिलीने गर्भ राहायचा टळत नाही. दुसरी तारखेच्या आदल्या दिवशी सुरू केली तर पाळीही टळत नाही.

प्रश्न : माझी तारीख १२ आहे. घरी दहा दिवसांचा गणपती, विसर्जन १८ ला. गोळी कधी सुरू करू आणि किती घेऊ?

पाळी येते ती शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं म्हणून. ते उतरायच्या आत बाहेरून पुरवठा सुरू झाला तर गर्भाशयाचं अस्तर जागेवर टिकतं. त्यामुळे नॉरएथिस्टेरॉन तारखेच्या तीन दिवस आधी, म्हणजे ९ तारखेला सुरू करायचं. ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा, साधारण आठ तासांच्या अंतराने : सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. शेवटची गोळी १८ च्या रात्री. त्यानंतर दोन-तीन दिवसांत पाळी येते, क्वचित आठवडा लागतो.

आता हिशेब करा. ९ ते १८ हे दहा दिवस झाले, म्हणजे तीस गोळ्या. स्ट्रिप दहाची मिळते आणि बहुतेक जणी एकच आणतात. ती १२ च्या सकाळी संपते आणि १४-१५ ला, ऐन गणपतीत, रक्तस्राव सुरू होतो. मग "गोळी लागू पडली नाही" अशी तक्रार. गोळी लागू पडली होती, संपली होती. दुसरी हमखास चूक उपासाची. हरतालिकेला निर्जळी म्हणून दोन डोस चुकवले की थोडंथोडं लागायला सुरुवात होते, आणि नंतर तीन गोळ्या एकदम घेऊन ते भरून निघत नाही. घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची नसेल तर हा खटाटोप सुरूच करू नका.

तारीख महिन्याला चार-पाच दिवस मागेपुढे होत असेल तर गेल्या सहा महिन्यांतलं सर्वांत लहान चक्र धरून मोजा. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू सुटणारी १० किंवा १५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते. ती मोडून किंवा कुटून घ्यायची नाही. सलग दहा ते चौदा दिवसांच्या पुढे हे औषध ताणू नये. पोट फुगणं, छाती दुखणं, मळमळ, चिडचिड यांतलं काही होऊ शकतं. हे सगळं गोळी तुम्हाला चालते असं गृहीत धरून सांगितलं. ती चालते का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ९ ला सुरू करायची असेल तर ८ च्या संध्याकाळी नव्हे, आदल्या महिन्यात.

प्रश्न : पाळी ढकलली तर ते रक्त आत साठून राहतं का?

नाही. नॉरएथिस्टेरॉननंतरची पाळी थोडी जास्त जाऊ शकते, कारण तयार झालेलं अस्तर उशिरा पडतं. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर तर अस्तर मुळात पातळच राहतं, पडायला फारसं काही नसतं.

प्रश्न : भाजलेल्या डाळीचं पाणी, लिंबू किंवा व्हिनेगर घेतलं तर पाळी लांबते म्हणतात. आणि पपई, तीळगुळाने लवकर येते?

दोन्ही खोटं. ज्यांना गुण आला त्यांची पाळी तशीही त्याच दिवशी येणार होती.

प्रश्न : आज सकाळीच पाळी आली, परवा घरी सत्यनारायण आहे. मेडिकलवाला म्हणतो गोळ्या घ्या, थांबेल.

सुरू झालेली पाळी मागे ढकलता येत नाही. त्याच्याकडे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचीही गोळी असेल. ती रक्तस्राव कमी करते, पाळी पुढे ढकलत नाही, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांबरोबर ती घेणं धोक्याचं आहे. पूजा पुढच्या आठवड्यात ठेवा.

प्रश्न : वय ४१, वजन ८४ किलो, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. जाऊबाईंकडे गेल्या वर्षीच्या गोळ्या उरल्या आहेत, त्यांना काही त्रास झाला नव्हता. पाच दिवसांसाठी घेतल्या तर काय बिघडतं?

पत्र गोळी घ्यायच्या आधी लिहिलंत हे बरं झालं. त्या घेऊ नका. आता सविस्तर, कारण "पाच दिवसांनी काय होतंय" हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं.

नॉरएथिस्टेरॉनमध्ये इस्ट्रोजेन नाही, म्हणून ते "साधं" औषध, असं दुकानदार सांगतात आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही. ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा या मात्रेत या औषधाचा थोडा भाग शरीरातच एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतल्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन म्हणजे जवळपास २० ते ३० मायक्रोग्रॅमची इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळी घेतल्यासारखं होतं. माला-एनमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे जिला रक्ताच्या गुठळीच्या भीतीने माला-एन द्यायची नाही, तिला ही गोळीही डोळे झाकून द्यायची नाही.

धोका किती, तर निरोगी बाईसाठी थोडा. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला साधारण दोघींना पायात किंवा फुप्फुसात गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल (माला-एनमधलं प्रोजेस्टोजेन) किंवा नॉरएथिस्टेरॉन असलेल्या संयुक्त, म्हणजे दोन हार्मोन्सच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर हा आकडा पाच ते सात होतो, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असलेल्यांवर नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो याहूनही जास्त असतो, म्हणून घाबरून जाऊन सगळ्याच गोळ्यांवर काट मारायचं कारण नाही. पण हे आकडे सरासरीचे आहेत. त्यात चाळिशी, जास्त वजन, रक्तदाब, सिगारेट, आधी झालेली गुठळी, आईला किंवा बहिणीला तरुणपणी झालेली गुठळी, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा प्लास्टरमधला पाय, यांतलं एकेक मिळवत गेलात की सरासरी तुमच्या कामाची राहत नाही. शिवाय गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. "थोडेच दिवस घेतली" ही ढाल नाही.

म्हणून गोळी लिहिण्याआधी पाच मिनिटं लागतात आणि ती लागलीच पाहिजेत. रक्तदाब मोजायचा, १४०/९० किंवा त्यावर असेल तर इस्ट्रोजेनचा मार्ग सोडायचा. अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात का, हे विचारायचं. येत असतील तर पक्षाघाताच्या धोक्यामुळे ही औषधं नकोत. यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव विचारायचा. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल विचारायचा, कारण त्या आजारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त. फिटच्या किंवा क्षयाच्या गोळ्या सुरू आहेत का, हेही. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन यांनी हार्मोन्सचा परिणाम घटतो. आणि शेवटी, पाळी चुकली तर नाही ना. गरोदर बाईला "पाळी ढकलायची" गोळी दिली जाणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

यातलं काय जाऊबाईंच्या स्ट्रिपवर लिहिलेलं असतं? त्यांचं वय, वजन, रक्तदाब वेगळा. त्यांना त्रास झाला नाही, यावरून फक्त त्यांना त्रास झाला नाही एवढंच कळतं. दुकानदार चिठ्ठी मागत नाही. मोबाइलवरच्या विक्रेत्यांनी तर "मला कोणताही आजार नाही" या ओळीपुढे खूण करायला लावून तपासणी उरकून टाकली आहे. ती खूण तुमच्या तब्येतीसाठी नसते, उद्या काही झालं तर त्यांच्या बचावासाठी असते.

गोळी सुरू असताना किंवा बंद केल्यावर काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, लाल किंवा गरम झाली, अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, कधी नव्हे असं डोकं ठणकलं किंवा बोलणं अडखळलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोटरी चोळून, शेकून, "चालून चालून दुखत असेल" म्हणून विसर्जनापर्यंत थांबू नका. पायाची डॉप्लर सोनोग्राफी अर्ध्या तासाचं काम आहे. आणि डॉक्टरांना हार्मोनची गोळी घेतल्याचं आपणहून सांगा. सासूबाई शेजारी उभ्या आहेत म्हणून ही गोष्ट लपवली जाते आणि निदान चुकतं.

तुमच्यासारख्या बाईला पाळी लांबवायचीच असेल तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखं, इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारं औषध स्त्रीरोगतज्ज्ञ विचारात घेऊ शकतात. तो निर्णय समोर बसवून, रक्तदाब मोजून व्हायचा असतो.

प्रश्न : इमर्जन्सी गोळी घेतल्यावर माझी पाळी आठवडाभर लांबली होती. तीच वापरली तर?

नाही. त्या गोळीने पाळी लांबते तशी लवकरही येते, मधेच डागही लागतात. ती असुरक्षित संबंधानंतरच्या ७२ तासांसाठी आहे.

प्रश्न : मी सरकारी दवाखान्यातली छाया घेते. पाळी ढकलायला दोन जास्त घेऊ का?

नको. छायामध्ये हार्मोन नाही, ऑर्मेलॉक्सिफेन आहे. तिच्यावर पाळी आपल्या चालीने लांबते. आपण म्हणू त्या तारखेला लांबवता येत नाही.

प्रश्न : १५ डिसेंबरला लग्न आहे, त्या महिन्यात तारीख १३ येते. लग्नानंतर आठवडाभर फिरायला जाणार आणि एवढ्यात मूलही नको. दोन्ही एकाच गोळीत जमेल का? लिहिताना सप्टेंबर आहे.

जमेल, आणि सप्टेंबरमध्ये विचारलंत याबद्दल आभार. तुम्हाला नॉरएथिस्टेरॉन नको, रोजची संयुक्त गर्भनिरोधक गोळी हवी. वर सांगितलेली तपासणी आधी करून घ्या.

माला-एनची स्ट्रिप हातात घेऊन पाहा. २८ गोळ्यांपैकी २१ पांढऱ्या आहेत, हार्मोन त्यांतच आहे. उरलेल्या सात गडद गोळ्या लोहाच्या, म्हणजे फेरस फ्युमरेटच्या. त्या सात दिवसांत हार्मोन थांबतं म्हणून रक्तस्राव होतो. ती खरी पाळी नव्हेच. १९६० मध्ये अमेरिकेत ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य झाली तेव्हा दर महिन्याला "पाळी" आली तर बायकांना ते ओळखीचं वाटेल, म्हणून हा खंड ठेवला गेला. शरीराला त्याची गरज नाही. २००३ मध्ये अमेरिकेत सलग ८४ दिवस घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट आलं, आणि सात दिवसांच्या खंडाने आरोग्याला काही फायदा होत नाही, असं ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं. तेव्हा खंड गाळायचा म्हणजे लोहाच्या गोळ्या सोडून पुढच्या स्ट्रिपची पांढरी गोळी दुसऱ्याच दिवशी सुरू करायची.

चक्र २८ दिवसांचं धरलं तर तुमचं गणित असं. १८ ऑक्टोबरच्या आसपास पाळी येईल, तिच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. ७ नोव्हेंबरपर्यंत २१ पांढऱ्या, १४ पर्यंत लोहाच्या. या आठवड्यात पाळी येऊन जाईल. १५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर दुसरी स्ट्रिप. ६ डिसेंबरला लोहाची गोळी न घेता थेट तिसरी स्ट्रिप, ती २६ पर्यंत. पुढचा रक्तस्राव २८-२९ डिसेंबरला.

नोव्हेंबरऐवजी एक महिना आधीच सुरू करायला सांगते त्याला कारण आहे. नव्या गोळीवर पहिले दोन-तीन महिने मधेच डाग लागू शकतात, मळमळ होते. ते लग्नाच्या आठवड्यात नको. रोज एकाच वेळी घ्या, रात्री ब्रश केल्यावर वगैरे. एक चुकली तर आठवताच घ्या. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्या, पुढे नेहमीप्रमाणे चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. खंड गाळता येतो, वाढवता येत नाही : हार्मोनशिवाय सातऐवजी नऊ-दहा दिवस गेले की बीज सुटण्याची, म्हणजे गर्भ राहण्याची वाट मोकळी होते. काही महागड्या पाकिटांत २४ हार्मोनच्या आणि ४ कोऱ्या गोळ्या असतात, तिथे त्या चार गाळायच्या. कोऱ्या कुठल्या, हे पाकीट डॉक्टरांना दाखवून विचारून घ्या. रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा. किमतीचं म्हणाल तर पाळी ढकलायला महाग गोळी जास्त चांगली असं काही नाही, आणि गुठळीच्या बाबतीत जुन्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्या उजव्याच आहेत.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी न्हाण आलं. मोठ्या दिरांच्या मुलाची मुंज आहे. अर्धी गोळी दिली तर चालेल का?

देऊ नका, अर्धीही नाही. पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते, तेव्हा तारीख धरणार कशाच्या आधारावर? तिला मुंजीला घेऊन जा, जेवू द्या, नाचू द्या.

प्रश्न : गोळ्या थांबवून नऊ दिवस झाले, पाळी नाही. अजून गोळ्या घेऊन आणावी का?

आधी लघवीची गर्भचाचणी, सकाळच्या पहिल्या लघवीवर. नॉरएथिस्टेरॉन अशा रीतीने घेतलं तर गर्भनिरोधक नसतं, हे पुन्हा सांगते. चाचणी नकारात्मक आली तर आठवड्याने परत करा आणि तरीही पाळी नसेल तर तपासणीला जा. होकारार्थी आली तर गोळ्या घेतल्या एवढ्याच कारणासाठी गर्भपात करायची गरज नसते. सोनोग्राफी करून डॉक्टरांशी बोला. मेडिकलमधून गर्भपाताचं किट मात्र आणू नका, गर्भ कुठे आहे हे न पाहता घेतलेल्या त्या गोळ्या जिवावर बेततात.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. घरच्या कार्यासाठी गोळी चालेल?

अंगावर पाजत असाल तर सहा महिन्यांपर्यंत इस्ट्रोजेनची गोळी नको. नॉरएथिस्टेरॉनही स्वतःच्या मनाने नको.

प्रश्न : पोलीस भरतीची मैदानी चाचणी आहे, ८०० मीटर धावायचं. तारीख त्याच आठवड्यात.

आठ-दहा आठवडे हातात असतील तर वरच्या नवरीसारखी रोजची गोळी घेऊन खंड गाळणं बरं. नॉरएथिस्टेरॉनने पोट फुगतं, अंग जड वाटतं. ते आयुष्यात पहिल्यांदा भरतीच्या आठवड्यात घेऊन पाहायचं नाही. कुठलीही गोळी आधी एका साध्या महिन्यात, सरावाच्या दिवसांत घेऊन बघा. दोन्हीला वेळ नसेल तर पोटदुखीसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिड चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा आणि धावा.

प्रश्न : आम्ही कोयत्यावर जातो. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात पाणी नाही, आडोसा नाही. सहा महिने पाळीच येणार नाही असं काही आहे का? गावातल्या बाया म्हणतात पिशवी काढून टाक.

पिशवी काढू नका. बीड जिल्ह्यातल्या या प्रकारांवर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी, "कॅन्सर होईल" अशी भीती आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. पांढऱ्या पाण्यावर औषध असतं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि ऊस तोडायची ताकद उलट कमी होते.

पाळी थांबवायचे मार्ग आहेत. माला-एन उपकेंद्रात फुकट मिळते. आशाताईंना सांगून सहा महिन्यांसाठी नऊ स्ट्रिप बरोबर घ्या, पांढऱ्या गोळ्या सलग घ्या. सलग गोळ्यांवर तीन दिवसांहून जास्त रक्त जात राहिलं आणि तोवर किमान २१ गोळ्या झाल्या असतील तर चार दिवस थांबून पुन्हा सुरू करा. लोहाच्या गोळ्या गाळल्या जातात, त्या वेगळ्या मागून घ्या. 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शनही सरकारी दवाखान्यात मोफत आहे, दर तीन महिन्यांनी एक. पहिले काही महिने डाग लागतात, वर्षभराने जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते, पण इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. पुढे मूल हवं असेल तर हे आधी लक्षात घ्या. आणि सुरुवातीला डाग लागतात म्हणून ते दिवाळीला घेऊन भागत नाही, पावसाळ्यातच सुरू करा. हार्मोनची तांबीही असते, ती पाच वर्षं चालते आणि रक्तस्राव खूप कमी करते, मात्र खासगीत तिला काही हजार लागतात.

टोळी निघायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि खाडा कापणं हा आजार तुमचा नाही, त्यावर गोळी तुम्ही का घ्यायची, हा प्रश्न मुकादमाला आणि कारखान्याला विचारायला हवा. तो या सदरात सुटत नाही.

प्रश्न : वय ४८. मुलीकडे अमेरिकेला जायचंय. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी, खूप जाते. प्रवासापुरती ढकलून घेते, तपासण्या परत आल्यावर करीन.

उलट करा. या वयातल्या अशा रक्तस्रावाचं कारण आधी शोधायचं असतं : सोनोग्राफी, अस्तराची जाडी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासणीला. हार्मोन घेऊन रक्त थांबवलं की अस्तरातला दोषही तेवढे महिने झाकला जातो. त्यावर वीस तासांचा विमानप्रवास आणि पायाची हालचाल नाही. तिकीट काढलं असेल तरी या आठवड्यात तपासणी होते.